येळवस आणि ज्वारीवरची पाखरं

मार्गशीर्ष अमावस्येच्या सकाळी धाराशिव जिल्ह्यातली गावे ओस पडतात. माणसे रानात गेलेली असतात. टोपल्यांत भज्जी, उंडे, खिचडा, गव्हाची खीर, बिंदग्यात आंबील. रानात कडब्याची कोप उभारलेली आणि तिच्यात चुना लावून मांडलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा होते, पिकाभोवती चर शिंपतात आणि मग पाहुणेरावळे, शेजारीपाजारी, वाटेने जाणारा अनोळखी माणूस, सगळे एका पंगतीला बसतात. हीच आमची येळवस, वेळ अमावस्या. लातूरकडे आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गीच्या शिवारांतही ती अशीच होते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली, २०२५ साली १९ डिसेंबरला. शहरांत नाताळच्या सुट्टीचे वेध लागलेले असतात, त्याच दिवसांत ही रानातली सुट्टी येते.

लहान मुले, म्हातारी माणसे, पुण्या-मुंबईहून आलेले चुलते-मामा, सगळे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रानात आहेत, असा दिवस वर्षातून हाच. आणि पाखरे पाहायला जिल्ह्यात याहून चांगला दिवस मला ठाऊक नाही. डिसेंबर संपता संपता ज्वारी निसवून दाण्यात दूध भरू लागते, हरभऱ्याला घाटे धरतात, तुरीच्या शेंगा वाळत येतात. मध्य आशियातून आणि हिमालयापलीकडून आलेले पक्षी तोवर मुक्कामाला नीट रुळलेले असतात. पानगळीने झाडे विरळ झालेली असतात, त्यामुळे फांदीवरचे पाखरू लपत नाही. थंडीमुळे पाखरेही सकाळी उशिरापर्यंत उन्हात बसून राहतात. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तिथून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. ऊन पाठीशी घेऊन बांधावर उभे राहायचे, एवढीच युक्ती. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी या दिवसातली निम्मी पाखरे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

सणाच्या दिवशी पाखरे पाहण्याची कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत नाताळला दोन गट करून रानात जायचे आणि कोणत्या गटाने जास्त प्राणी-पक्षी मारले ते मोजायचे, अशी एक चाल होती. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली सुचवले की मारण्याऐवजी नुसते मोजू या. त्या २५ डिसेंबरला २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती मोजणी आजतागायत दर वर्षी चालू आहे आणि कोणता पक्षी वाढला, कोणता घटला, हे सांगणारी सव्वाशे वर्षांची नोंद त्यातून तयार झाली. आमच्याकडे अख्खे गाव आपणहून रानात गेलेले असताना अशी नोंद का होऊ नये, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेसारख्या थंड देशांतली दुसरी गोष्ट मात्र आपण विचार न करता उचलतो, ती म्हणजे हिवाळ्यात अंगणात दाणापाणी टांगणे. तिकडे ते योग्यच आहे. जमीन बर्फाखाली जाते, किडे नाहीसे होतात, दिवस आठ तासांचा होतो, आणि लहान पाखरू एका थंड रात्रीत आपल्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावू शकते. सकाळी त्याला लगेच खायला मिळाले नाही तर ते मरते. आपल्या बालाघाटच्या पठारावर पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला तरी आपण हुडहुडतो, पण पाखरांच्या दृष्टीने हा सुकाळ असतो. ज्वारीचे कणीस उभे आहे, हरभऱ्यावर अळी आहे, गवताला बी आहे, तलावांत पाणी आहे. आपल्याकडे पाखरांची उपासमार सुरू होते ती सुगी संपल्यावर. फेब्रुवारीत ज्वारी काढली, मार्चमध्ये हरभरा-गहू निघाला, की रान उघडे पडते आणि पाणी आटू लागते. म्हणून धाराशिवसारख्या जिल्ह्यात हिवाळ्यात पाखरे पाहावीत, ओळखावीत, मोजावीत, आणि दाण्या-पाण्याची काळजी जास्त करून फेब्रुवारी ते जून या काळात वाहावी, असे माझे ठाम मत आहे.

हिवाळ्यात त्यांना चारणारा हात आपला असतोच, फक्त तो चारायला उठलेला नसतो. यातली सर्वांत मोठी पंगत भोरड्यांची.

भोरडी, पुस्तकातली पळसमैना, साळुंकीएवढी. मोठ्या पक्ष्याचे अंग फिकट गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर मागे झुकलेला तुरा. पहिल्या वर्षाची पिल्ले मळकट मातकट रंगाची असतात. थव्यात अशा मातकट पाखरांचा भरणा दिसला की पुष्कळांना ती वेगळीच जात वाटते. त्यांची वीण पूर्व युरोपापासून कझाकस्तान आणि चीनच्या शिंच्यांग प्रांतापर्यंतच्या गवताळ मुलखात, मे-जूनच्या थोड्या दिवसांत उरकते, कारण पिल्लांना भरवायला टोळ आणि नाकतोडे त्याच दिवसांत मुबलक असतात. जुलै-ऑगस्टपासून त्या भारतात उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. म्हणजे वर्षातला मोठा काळ त्या आपल्याकडेच असतात. विणीपुरत्या बाहेर जातात म्हटले तरी चालेल.

ज्वारी दुधात आली की भोरड्यांचा थवा पडतो आणि तास-दोन तासांत कणसे रिकामी करतो. म्हणून राखण. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी माणसे आता कमी झाली. पत्र्याचे डबे आले, पिकावरून ताणलेल्या चमकत्या फिती आल्या. ज्याची दोन एकर ज्वारी डोळ्यांदेखत खाल्ली जाते त्याचा संताप खरा आहे, आणि पक्षिप्रेमाच्या नावाखाली तो उडवून लावणे मला पटत नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. शिंच्यांगमध्ये टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी १९८०च्या दशकापासून सरकारी पातळीवर या पाखरांसाठी दगड-विटांची घरटी बांधली गेली, कारण एक पाखरू दिवसाला शंभराहून अधिक टोळ खाते. आपल्याकडेही कणीस भरण्याआधी आणि सुगीनंतर त्या रानात किडेच वेचत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की मधासाठी त्या झाडांवर लोटतात आणि डोक्याला परागकण फासून या फुलावरून त्या फुलावर जातात. भोरडीचे नुकसान एका रानात, एका आठवड्यात दिसते. तिचा फायदा अर्ध्या खंडावर पसरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही.

त्यात पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा थवा वाटला जायचा. खरिपात सोयाबीन आले, खरीप ज्वारी जवळजवळ गेली, रब्बीची मालदांडीही आक्रसली. मग उरलेल्या चार रानांवर सगळा थवा उतरतो. ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याला भोरड्यांचा त्रास वाढला आहे, याचे एक कारण भोरड्यांत नसून पीकपद्धतीत आहे.

येळवशीला भोरड्या पाहायच्या तर दिवस मावळताना पाहाव्यात. उसाच्या फडात किंवा बाभळींच्या बनात रात्री उतरण्याआधी हजारोंचा थवा आकाशात एकत्र वळतो, आखडतो, पसरतो. त्यात नायक कोणी नसतो. प्रत्येक पाखरू आपल्या आजूबाजूच्या सहा-सात पाखरांकडे पाहून वळते आणि त्यातून सगळा थवा वळतो, असे युरोपातल्या तेल्या मैनांच्या थव्यांची छायाचित्रे मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे.

त्याच वेळी नजर जमिनीलगत ठेवली तर भोवत्या दिसतो. हा शिकारी पक्षी. ज्वारी-हरभऱ्याच्या आणि माळाच्या वरून हातभर उंचीने, पंख किंचित वर धरून, संथ तरंगत जातो. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या, दोन्ही कझाकस्तानच्या बाजूने येतात. दिवसभर ते नाकतोडे, उंदीर, चंडोल पकडतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. यामुळेच आपली माळराने त्यांना हवीत. सरकारी कागदात जे पडीक किंवा गायरान म्हणून लिहिले जाते ते या पक्ष्याचे झोपायचे घर असते. ते नांगरले गेले, त्यावर झाडे लावली गेली, पेटवले गेले, की भोवत्याला मुक्कामाला जागा राहत नाही. ९४२ जातींचा आढावा घेणाऱ्या २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात देशभर सर्वांत जास्त घसरण गवताळ आणि मोकळ्या रानांतल्या पक्ष्यांची दिसली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंखही त्यात आहे. येळवशीच्या संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून रानाभोवती फिरवतात. तो फिरवताना ठिणगी बांधाच्या वाळल्या गवतात जाणार नाही एवढे पाहावे. लावे, चंडोल आणि भोवत्या तिथेच रात्र काढतात.

बाकीची मंडळी दिवसा सहज भेटतात. ज्वारीच्या ताटाच्या शेंड्यावर बसलेला, काळ्या डोक्याचा, नारिंगी छातीचा इवलासा पक्षी म्हणजे गप्पीदास. पिवळ्या पोटाची, चिमणीसारख्या जाड चोचीची पाखरे थव्याने कणसावर दिसली तर ते भारीट, पश्चिम आशियातून आलेले. पाटाच्या पाण्याशी शेपटी खालीवर करत पळणारे धोबी. त्यांच्यात पांढरा, पिवळा आणि करडा असे तीन तरी निवडता येतात. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली खरूची, तारेवरचा कोतवाल, बांधावरच्या खैरात कलकलाट करणारे सातभाई. वड-पिंपळ-उंबराच्या शेंड्यावर सकाळच्या उन्हाला बसलेले हिरवट-पिवळे कबुतर दिसले तर तो हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी.

ज्यांचे रान तलावाजवळ आहे त्यांचा दिवस आणखी मोठा. परंड्याकडे सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी; माकणीचा निम्न तेरणा; नळदुर्गाशेजारी बोरी; धाराशिव शहराला लागून हातलाई. पाणी उतरू लागले की काठच्या चिखलात तुतवार आणि शेकाटे चरतात, आत बदकांचे थवे. नारिंगी-तपकिरी चक्रवाकाची जोडी लांबूनही कळते. येडशीच्या रामलिंग घाटात अभयारण्य आहे. तिथे माळावरची पाखरे सोडून झाडीतली पाहावीत: तांबट, सुतार, मोर. पण मंदिराच्या गर्दीच्या वेळी जाऊ नये.

या भागातल्या पक्ष्यांची पहिली व्यवस्थित पाहणी निजामाच्या काळातली. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. खर्चाला निजाम सरकारने हात दिला होता आणि पत्नी तेहमिना त्यांच्यासोबत फिरल्या. अशा प्रादेशिक पाहण्या त्यांनी पुढे देशभर केल्या, त्यातली ही सुरुवातीची. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. नावांसाठी आपला आधार शेजारच्या सोलापूरचा: मारुती चितमपल्ली तिथे १९३२ साली जन्मले, तिथेच २०२५ साली गेले, आणि त्यांच्या पक्षिकोशाने पक्ष्यांची मराठी आणि लोकबोलीतली नावे एका जागी आणली. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

आता परसात येऊ. गावातल्या घराच्या परसात आणि शहरातल्या कंपाउंडच्या भिंतीवरही हिवाळ्यात एक पाहुणा हमखास येतो: कृष्ण थिरथिरा. चिमणीएवढा, नर वरून काळा, पोट आणि शेपटी विटकरी, मादी तपकिरी. बसला की शेपटी थरथरते आणि मान लवते, यावरून लांबूनच कळतो. हिमालय आणि तिबेटच्या उंच खडकाळ मुलखातून तो येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत एकच परस धरून राहतो. दुसरा पाहुणा दिसत नाही, ऐकू येतो. शेवग्याच्या किंवा कडुलिंबाच्या पानांत सारखा बारीक आवाज करणारा हिरवट पर्णवटवट्या. याच्यावर दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासात असे दिसले की प्रत्येक पक्षी हिवाळ्यात आपापली हद्द राखतो आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच हद्दीत परततो. तुमच्या लिंबावर गेल्या साली होता तोच यंदा आला असण्याची शक्यता चांगली आहे.

हे दोघेही दाणा खात नाहीत. त्यांना किडे लागतात, म्हणून टांगलेल्या दाण्याचा त्यांना काही उपयोग नाही. परसात औषध न फवारणे, पालापाचोळा एका कोपऱ्यात राहू देणे, एखादी बोर, शेवगा, जास्वंद ठेवणे, हेच त्यांचे जेवण. शेतातही तसेच. हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत एकरी २० पक्षी थांबे सांगितलेले असतात: इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या. हरभऱ्यात मधून मधून ज्वारीची काही ताटे येऊ दिली तरी चालते. कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू त्यावर बसून अळ्या आणि उडते किडे टिपतात. पाखरांना चारण्याची हिवाळ्यातली याहून सरळ रीत नाही आणि शेतकऱ्यालाही तिचा लाभ होतो. थांबे घाटे भरण्याच्या काळापर्यंतच ठेवावेत. ज्वारीत, दाणा भरताना, अजिबात नकोत.

दाणा खाणाऱ्यांत चिमणी, होला, मनोली, सुगरण येतात. त्यांच्यासाठी ओसरीला ज्वारी-बाजरीच्या कणसांची पेंढी बांधायची रीत खेड्यांत होतीच. कणीस टांगले की दाणा पसरत नाही, सडत नाही आणि कबुतरांना ते टोचता येत नाही. ताटलीत ठेवायचे तर ज्वारीची कणी, बाजरी, राळा ठेवावा. शेव-फरसाण, बिस्किटे, मिठाचे उरलेले अन्न ठेवू नये. आंबलेला भात तर नकोच. मूठभरच ठेवावे, संध्याकाळी उरलेले काढावे, आठवड्याला ताटली घासावी, कारण एकाच जागी रोज शंभर पाखरे जमली की रोगही तिथेच पसरतो.

येळवस झाली की दीड-दोन महिन्यांत ज्वारी उपटली जाते. मळणी यंत्राच्या मागे रानात पडलेला सर्वा पूर्वी गोरगरीब वेचायचे आणि उरलेला पाखरे. आज लगेच रोटावेटर फिरतो. तो आठ-पंधरा दिवस उशिरा फिरवला तरी होले, चिमण्या आणि पखुर्ड्यांना तेवढे दिवस पोटभर मिळते. मग पाण्याची वेळ येते. मातीची पसरट परळ, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड, सावलीत, मांजर दबा धरू शकणार नाही अशी मोकळी जागा. पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डास होतात. चिमणीसाठी खोपा टांगायचा तर लाकडी पेटीला सव्वा इंचाचे भोक पुरे. त्याहून मोठे केले तर साळुंकी आत शिरते. पेटी ऊन-पावसाच्या माऱ्याची नको, आणि पंख्याजवळ तर मुळीच नको. चिमणी मोठी झाल्यावर दाणा खाते, पण पिल्लाला अळी आणि कीडच भरवते. म्हणून जिथे दाणा आहे पण किडा नाही, अशा सिमेंटच्या वस्तीत चिमण्या घटतात. मोठ्या शहरांत त्या घटल्या तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या टिकून आहे, असे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२०च्या अहवालात दिसले. त्या टिकल्या आहेत त्यात आपल्यासारख्या ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यांचा वाटा असणार असे मला वाटते.

मोजणी करायला फार काही लागत नाही. येळवशीला कोपीपाशी बसल्या जागी अर्धा तास घ्यावा. तारीख, गाव, वेळ लिहावी, दिसलेल्या जाती आणि साधारण संख्या लिहावी. ओळखता न आलेल्याचे वर्णन लिहावे: आकार, चोच, शेपटीचा रंग, बसण्याची तऱ्हा. पोरांच्या हातात वही द्यावी आणि आजी-आजोबांना नावे विचारावीत. राखण केलेल्या माणसाला भोरडीच्या येण्या-जाण्याची जी माहिती असते ती कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या शिवारापुरती अचूक असते. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर ही यादी फोनवरूनच घालता येते. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबाग पक्षीगणना असते, भारत तिच्यात २०१३ पासून आहे, आणि तिला पंधरा मिनिटांची नोंदही चालते. त्या दिवसांत ज्वारीची काढणी चालू असते. काढणीच्या आधी एकदा आणि रान रिकामे झाल्यावर एकदा, अशा दोन याद्या एकाच बांधावरून केल्या तर कोण राहिले आणि कोण गेले ते घरबसल्या कळेल.